मायाक्काची नात

“टोचतंय हो हे!” ती बाई म्हणाली आणि विस्तवावरून काढावा तसा घोंगड्यावरचा हात तिनं काढून घेतला.

मायाक्का वहिनीनं घोंगड्याची घडी सारखी केली. सकाळपासून ती बोललीच नव्हती. पुण्यातल्या एका कॉलेजच्या मैदानावर मांडव घातला होता. मांडवात साठ-सत्तर गाळे, आणि अगदी टोकाच्या गाळ्यात घोंगड्यांच्या चवडीमागं वहिनी मांडी घालून बसली होती. एप्रिल संपत आलेला. डोक्यावर पत्रे तापलेले. अशा उन्हात घोंगडं कोण विकत घेतो? लोक यायचे, दोन बोटांनी चाचपायचे, ‘अस्सल आहे हं’ असं म्हणायचे आणि शेजारच्या गाळ्यावरचा मध घेऊन जायचे.

मेळा होता ‘फेअर ट्रेड’चा. म्हणजे हातानं काम करणाऱ्याला त्याच्या कामाचं सरळ मोल मिळावं, मध्ये दलाल नसावा, कुणाला राबवून, पिळून केलेला माल नसावा, अशा वस्तूंचा. ज्या संस्थेनं तो भरवला होता, तिची रेवतीताई नावाची मुलगी जतच्या बाजूच्या आमच्या गावापर्यंत धूळ खात आली होती. गावात एके काळी सनगरांचे, म्हणजे आम्हा घोंगडी विणणाऱ्यांचे, बत्तीस माग होते. आता एकच खडखडत होता, तो मायाक्का वहिनीचा. रेवतीताईनं तो पाहिला, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणणारी पासष्ट वर्षांची वहिनी पाहिली, आणि म्हणाली, “मावशी, मेळ्याला या. तिसऱ्या दिवशी समितीच्या पळसुले मॅडम येतील. त्यांनी ‘फेअर ट्रेड’चा शिक्का दिला की वर्षाला दोनशे घोंगड्यांचं काम तुमचं. कायमचं.”

त्या शिक्क्यावर सगळं होतं. इचलकरंजीचा भाचा दोनदा येऊन सांगून गेला होता, “मामी, आता बास. माझ्याकडं चला. जिन्याखाली जागा हाय, झोपायपुरती.” मागाची लाकडं बघून चांगल्या सरपणाची आहेत असंही तो म्हणाला होता. वहिनीला जिन्याखाली झोपायचं नव्हतं. तिला मागावर मरायचं होतं.

मी सिद्राम. तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, मलूचा, जिवाभावाचा भाऊबंद. माझा माग मी कधीच मोडला. जीभ तेवढी शाबूत ठेवली. पाऊस पडतोय असं मी म्हटलं तरी आमच्या गावात लोक आधी बाहेर हात काढून बघतात. वहिनीनं मला बरोबर घेतलं ते एवढ्याचसाठी, की शहरात तिच्या तोंडून शब्द फुटणार नाही हे तिला ठाऊक होतं. घेताना बोली केली होती, “भाऊजी, तिथं थापा मारायच्या न्हाईत.”

“छे!” मी म्हटलं होतं. ती पहिली थाप.

तर ती बाई ‘टोचतंय’ म्हणाली आणि निघाली. माझ्यानं राहवेना.

“टोचत न्हाई ते, बाई. तुम्ही नव्या हाय म्हणून वास घेतंय तुमचा.”

ती थांबली. हसली. शहरातलं माणूस हसलं की अर्धं गिऱ्हाईक झालंच. मी चवडीतलं तळचं घोंगडं उपसलं. काळंभोर, मऊ, मांजराच्या पाठीसारखं.

“आता ह्येला हात लावा. जावळाचं हाय. कोकराची पहिली कातरण. अशी लोकर जन्माला एकदाच येती.”

“अय्या, खरंच मऊ आहे! आणि सूत किती बारीक!”

“बारीक असणारच,” मी म्हटलं, “मोठ्या माणसाच्या बोटाला ही लोकर गावतच न्हाई. ही वहिनीच्या नातीनं कातलीया. सात वर्षांची हाय. बानू.”

बानू हे नाव कुठून आलं, मला आजही सांगता येणार नाही. आलं. आणि एकदा आल्यावर ती पोर माझ्या तोंडातून धावतच सुटली. ती रहाटावर बसली की घरातले कोळी आपली जाळी सोडून बघायला येतात. ती हाक मारते तेव्हा मेंढरं कातरायला आपणहून रांगेनं उभी राहतात, आणि एखादं मध्ये घुसलं तर बाकीची त्याला मागं पाठवतात. एकदा तिनं कातलेला धागा वाऱ्यानं उडाला, तो शोधायला तीन गावं फिरावी लागली, आणि सापडला तेव्हा त्याच्यावर चिमणी झोके घेत होती.

बाईनं घोंगडं घेतलं. तिच्या मागच्या दोघींनीही घेतलं. संध्याकाळपर्यंत सात गेली.

मांडवाचे पडदे सोडताना वहिनीनं विचारलं, “ही बानू कोण?”

“बोलायची एक रीत असती, वहिनी.”

“माझी नात?”

“हां.”

“पोर न्हाई, बाळ न्हाई, आणि एकदम नात?”

“मधली एक पायरी गाळली बगा. तेवढाच वेळ वाचला.”

मला वाटलं, आता चार शिव्या हासडेल. ती उरलेल्या घोंगड्यांच्या घड्या घालत राहिली. शेवटची घडी घालून झाल्यावर म्हणाली, “सात वर्साची म्हणला न्हवं?”

“हां.”

“बरं,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पहिली बाई परत आली. हातात कागदी पिशवी. पिशवीतून तिनं पिवळा फ्रॉक काढला, दोन खिशांचा. “आजी, हा बानूला द्या. माझ्या मुलीला लहान झाला, पण नव्यासारखाच आहे.”

मी घ्यायला हात पुढं केला, एवढ्यात वहिनीनंच तो घेतला. खांद्याशी धरून उंच केला. मान वाकडी करून बघितला.

“कमरंत ढिला हुईल,” ती म्हणाली. “बारीक हाय ती.”

मी बघतच राहिलो. म्हटलं, शेवटी धंद्यात उतरली वहिनी! दिवसभर मग आमची जोडी काय रंगली म्हणून सांगू. मी आभाळाएवढं काहीतरी फेकायचो, लोक हसायचे. आणि मग कुणी वहिनीला विचारायचं, “काय हो आजी, काका सांगतात ते खरं?” वहिनी माझ्या थापेला हात लावायची नाही. आपलं वेगळंच काहीतरी सांगायची, हळू आवाजात.

“पुढचा दात पडलाय तिचा. हसताना तोंडावर हात धरती.”

नाहीतर, “इंचवाला भीत न्हाई. पालीला भीती.”

नाहीतर, “दुधावर साय आली की पेलाच घेत न्हाई हातात. लई नाटकं.”

माझं ऐकून लोक हसत होते. तिचं ऐकून हसत नव्हते. पिशव्या खाली ठेवून ऐकत होते. चाळीस वर्षं थापा मारून मला जे जमलं नव्हतं ते ती बसल्या जागी करत होती. मोठी थाप लोक विकत घेतात आणि दारात सोडून जातात. लहान थाप घरी घेऊन जातात. हे मला तेव्हा कळलं असतं तर मी तिथंच थांबलो असतो.

पण दुपारी गाळ्याभोवती चांगली चाळीस माणसं जमली होती. चष्मेवाल्या एका गृहस्थानं विचारलं, “शाळेत हुशार असेल की मुलगी?”

आणि मी, मूर्ख, फुशारलो. “शाळा? आवं, शाळंला येळ कुठाय तिला! तांबडं फुटल्यापास्नं रहाटावर बसती ती दिवस मावळंपतूर! हात बघा तिचे, बोटाला घट्टे पडल्यात. मास्तरच येतो रहाटापाशी हजेरी घ्यायला!”

लोक हसले. त्यातले दोन-तीन हसले नाहीत, ते मला नंतर आठवलं.

रेवतीताई त्या दिवशी परगावच्या पाहुण्यांच्या मागं होती. तिच्या हाताखालच्या कार्यकर्त्यांना आमच्या गाळ्यावरची गर्दी बघून उत्साह आला. त्यांनी संध्याकाळी एक मोठा फलक रंगवला आणि मेळ्याच्या दाराशीच लावला: ‘आजी विणते, सात वर्षांची नात कातते. भेटा मायाक्का आजींना, गाळा क्रमांक ६४.’

तिसऱ्या दिवशी पळसुले मॅडम त्याच दारानं आत आल्या.

रेवतीताई धावत गाळ्यावर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. “सिद्रामकाका, हे काय करून ठेवलंत? मावशींना नात आहे? ती काम करते?”

“आवं न्हाई ओ! कसली नात! बोलायची रीत असती.”

“मग चला माझ्याबरोबर. मॅडमना हेच सांगा. लगेच!”

कॉलेजच्या एका वर्गात आम्हाला बसवलं. बाकावर वहिनी, तिच्या शेजारी मी, भिंतीला टेकून रेवतीताई. समोर पळसुले मॅडम. पांढरे केस, सुती साडी, पुढ्यात वही. बाई वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तिनं आधी वहिनीला पाणी दिलं, पंखा मोठा केला आणि मग पेनाचं टोपण काढलं.

मी सगळं कबूल केलं. एका दमात. बानू नाही, कधी नव्हती, मलूला आणि वहिनीला मूलच झालं नाही, मग नात कुठून येणार. सूत गावातल्या बारा म्हाताऱ्या बायका कातून देतात, त्यांची नावं सांगतो, लिहून घ्या. आयुष्यात इतकं सलग खरं मी कधी बोललो नव्हतो. 

मॅडमनी शांतपणे ऐकलं. “काका, काल तुम्ही चाळीस माणसांसमोर सांगितलंत की मुलीच्या बोटांना घट्टे पडलेत. त्यातले दोघं माझ्याकडे आले, डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आज तुम्ही म्हणता, मुलगीच नाही. मी कुठलं खरं धरू?”

“आजचं धरा.”

“का?”

 खरं कसं पटवायचं असतं, याची मला सवयच नव्हती.

“रागावू नका,” मॅडम म्हणाल्या, “पण मी वही उघडली की सगळीकडे मुलं नाहीशी होतात. एका गावात तर मी धान्याच्या कणगीतून तीन पोरं बाहेर काढलीत. आईबाप शपथेवर सांगत होते, आम्हाला मूलबाळ नाही.”

“आमच्या सरपंचांना फोन लावा,” मी ओरडलो. “शिवगोंडा पाटील. त्यो सांगंल!”

रेवतीताईनं लावला. सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मॅडमनी नाव सांगितलं, पुण्याहून बोलतेय म्हणाल्या, आणि विचारलं, “मायाक्का सनगर यांना सात वर्षांची नात आहे का?”

 आमच्या गावात वरून कुणी घरातली माणसं विचारायला लागलं की काहीतरी वाटप आहे असं धरून चालायचं असतं. एकदा नाही म्हटलं की नाव यादीतून जातं ते जातंच. हे शिवगोंडानं पंधरा वर्षांच्या सरपंचकीत शिकून घेतलं होतं.

“हाय की!” तो म्हणाला. “हाय हाय! लई गुणाची पोर. कार्डावर नाव चढवायचं ऱ्हायलंय तेवढं, ह्या महिन्यात चढवून टाकतो. मॅडम, काय योजना हाय?”

“आवं सरपंच!” मी फोनवर झेपच घेतली. “मी सिद्राम बोलतोय! खरं सांगा त्यास्नी, नात न्हाई म्हणून!”

“सिद्राम्या, तू गप बस की रं! मॅडम, त्येचं काय मनावर घिऊ नका. त्यो खोटं बोलतो, साऱ्या गावाला ठावं हाय.”

रेवतीताईनं डोळे मिटून घेतले. मॅडमनी फोन बंद केला. हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून वहिनीच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या.

“मावशी, आता कुणी बोलायचं नाही. काका नाही, रेवती नाही, सरपंच नाहीत. तुम्ही एकट्यांनी सांगायचं, आणि तुम्ही सांगाल ते मी लिहीन. तुम्हाला नात नाही ना?”

झालं, सुटलो, मी मनात म्हटलं. एक शब्द. ‘न्हाई’ म्हणायचं, बाई लिहिणार, शिक्का पडणार, माग राहणार. मी वहिनीकडं बघून मान हलवली, भुवया उडवल्या, बाकाखालून तिच्या पायाला पाय लावला.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं नाही. पदराच्या टोकाशी बोटं चाळवत राहिली. पंखा फिरत होता. बाहेर मैदानात कुणीतरी ढोल वाजवून कठपुतळीच्या खेळाला लोकांना बोलावत होतं.

“हाय,” वहिनी म्हणाली.

मी बाकाखालचा पाय मागं घेतला.

“पर ती राबत न्हाई, बाई,” ती घाईघाईनं म्हणाली. “ह्ये भाऊजी काय बी सांगत्यात. तिला म्या कामाला लावली न्हाई. कशाला लावू? बसती आपली मागाच्या काठाला माझ्याजवळ, पाय सोडून. लोकरीची फुलं उडवती, फुंकर मारून. मी वराडले की हसती.”

“आणि शाळा?”

 वहिनी खरोखर विचार करायला लागली. “न्हाई घातली,” ती म्हणाली. “ध्यानातच आलं न्हाई माझ्या.”

मॅडमनी लिहायचं थांबवलं. चष्मा काढून पुसला. “मावशी, तुम्ही खरं बोललात, हे सोपं नाही. तिला शाळेत घाला. एका वर्षानं दाखला घेऊन या, शिक्का मी स्वतः आणून देईन. पण यंदा मला देता येणार नाही. माझे हात बांधलेत.”

“व्हय,” वहिनी म्हणाली. “बराबर हाय तुमचं.”

मी बोलत होतो. काय काय बोलत होतो कुणास ठाऊक. मॅडमच्या पाया पडायला गेलो तर त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं आणि म्हणाल्या, “काका, घाबरू नका, तुमच्यावर काही कारवाई होणार नाही.”

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगायला जीभ वळत नाही. रेवतीताई जूनमध्ये आमच्या गावी आली. घर बघितलं, माग बघितला, अंगणवाडीची वही बघितली. पोर कुठंच नाही, असं तिनं समितीला लिहून कळवलं. समितीचं उत्तर आलं, की तपासणीआधी मूल घरातून हलवलं असेल तर ही बाब जास्तच गंभीर आहे. त्यावर रेवतीताईनं तीन पत्रं लिहिली. मीही एक लिहिलं, पोस्टमास्तराकडून तपासून घेऊन, त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. कुणाचंच उत्तर आलं नाही. दिवाळीच्या आत भाचा टेम्पो घेऊन आला. माग सुटा करायला मीच हात लावला, कारण कुठली खुंटी कुठं बसते हे आता गावात मलाच ठाऊक होतं. इचलकरंजीत जिन्याखाली ती चार वर्षं होती. मी भेटायला जायचो. घोंगड्याचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.

पण मला आठवतो तो मेळ्याहून परतायचा प्रवास. भर दुपारची एसटी. खिडकीशी वहिनी, तिच्या पलीकडं काचेतून रखरखीत माळ पळत होता. सातारा मागं पडेपर्यंत मी धीर धरला.

“वहिनी, एक शब्द हुता ओ. ‘न्हाई’ म्हणायचं, बास.”

“चाळीस वर्सं तेच म्हणतीया की,” ती म्हणाली. “लगीन झाल्या झाल्या इचारायला लागले लोक. मूल न्हाई न्हवं तुम्हाला? न्हाई. काय इशेष हाय का? न्हाई. दवाखान्यात न्हाई, देवळात न्हाई, हळदीकुंकवात न्हाई. ह्ये गेले तवा बी पाव्हणे इचारत हुते, मागं कोण? कोण न्हाई. प्रत्येक बारीला सांगितलंय. ह्या बारीला तोंडात आलंच न्हाई, काय करू?”

“आवं पर माग?”

“माग जाईल,” ती म्हणाली. “मला कळत न्हाई व्हय?”

कंडक्टर येऊन तिकिटं बघून गेला. पुढच्या बाकावर कुणाचंतरी लेकरू रडत होतं, ते झोपलं. मला वाटलं वहिनीचाही डोळा लागला. तर ती खिडकीकडं बघतच म्हणाली, “भाऊजी, एक इचारू?”

“इचारा की.”

“पयल्यांदा तुम्हीच बघितली न्हवं तिला? त्या बाईला सांगताना?”

मी मान हलवली. “हां,” म्हटलं.

ती माझ्याकडं वळली. पासष्ट वर्षांच्या त्या तोंडावर लग्नातल्या नवरीसारखी लाज होती.

“मग सांगा की. कुणावर गेलीया ओ? माझ्यावर, का ह्यांच्यावर?”

मी तोंड उघडलं. मेंढरांना रांग लावणारा मी, कोळ्यांना जाळ्यातून उतरवणारा मी. आत काही सापडेना. मलूचं नाक आठवत होतं, वहिनीची हनुवटी समोर होती, आणि त्या दोन्हींतून एक चेहरा करायला मला साधी एक थाप सुचत नव्हती. तोंड मिटलं.

वहिनी थांबली होती. गाडीनं एक गाव घेतलं, सोडलं. ती अजून माझ्याकडंच बघत होती.